मास्तरांची वही आणि सेंट लुईसची भिंत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात गिरगावातली आमची जुनी चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली. शेवटचं बघून यावं म्हणून मी डोंबिवलीहून गेलो, तर अंगणात भंगारवाल्याच्या काट्याशेजारी एक हवाईयन गिटार भिंतीला टेकून उभी. सहापैकी तीन तारा शिल्लक, खुंट्यांना गंज. मी लांबूनच ओळखली, कारण तिच्या डोक्याकडे एक टवका उडालेला आहे. तो १९७२ साली माझ्याच हातून पडून उडाला आणि त्यापायी मी आठवडाभर क्लासला तोंड दाखवलं नव्हतं. आमच्या मास्तरांची गिटार! चारशे रुपयांना सौदा झाला.

वही मात्र मिळाली नाही. मास्तर सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवत. घरी आले की लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत तारीख, स्टुडिओ, संगीतकार, गाण्याचा मुखडा आणि हातात पडलेले पैसे लिहून ठेवत. ती आदल्याच दिवशी रद्दीत गेली. मुलांना दोष देत नाही. त्यांना ती हिशेबाची वही वाटली, आणि हिशेबाचीच होती ती. पण तबकडीवर गायकाचं नाव असे, संगीतकाराचं असे. अंतऱ्याच्या आधी गिटारचा तो एवढासा तुकडा कोणी वाजवला, हे फक्त त्या वहीला ठाऊक होतं.

हल्लीच्या मुलांसाठी सांगतो, ही गिटार छातीशी धरून वाजवत नाहीत. ती मांडीवर आडवी ठेवायची. डाव्या हातात पोलादी कांडी, तिला आम्ही नुसतं ‘स्टील’ म्हणत असू. ती तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताने छेडायचं. तारा पट्टीपासून उंच असतात, त्यामुळे पडद्यांचा उपयोग फक्त डोळ्यांना. सूर कानानेच शोधावा लागतो. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधलं काही तुटत नाही, म्हणून आपल्याकडच्या मींडेला हे वाद्य इतकं मानवलं. विजेवरची गिटार म्हटलं की लोकांना रॉकवाले आठवतात, पण १९३२च्या सुमारास बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार मांडीवरचीच होती. ॲल्युमिनियमची, गोल पोटाची, लांब दांड्याची. लोक तिला ‘फ्राइंग पॅन’च म्हणायचे.

२००६ साली माझी मुलगी अमेरिकेत सेंट लुईसला नोकरीला होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे सुट्टी असते, तेव्हा एका हॉटेलात स्टील गिटारवाल्यांचं, म्हणजे अशीच कांडी सरकवून वाजवणाऱ्यांचं, संमेलन भरायचं. डेविट स्कॉट नावाचे गृहस्थ ते भरवत. स्वतः वादक, शहरात वाद्यांचं दुकान, सगळे त्यांना ‘स्कॉटी’ म्हणत. याच संमेलनाच्या आधाराने त्यांनी ‘स्टील गिटार हॉल ऑफ फेम’ (थोर वादकांचं मानाचं दालन) उभा केला. हॉल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे घुमटबिमट आला होता. प्रत्यक्षात काशाच्या पाट्या. प्रत्येकीवर वादकाचा उठावाचा चेहरा आणि खाली चार ओळी : कुठला, काय वाजवलं, काय नवं केलं. १९७८ सालचा पहिला मान जेरी बर्डचा. ओहायोत जन्मलेला हा गोरा माणूस हवाईच्या सुरांवर असा भाळला की पुढे हवाईतच जाऊन राहिला आणि तिथल्या पोरांना त्यांचंच वाद्य शिकवू लागला. तो आदल्याच वर्षी वारला होता, म्हणून त्याच्या पाटीपाशी गर्दी होती.

मी मात्र डॉन हेल्म्सच्या पाटीसमोर थबकलो. हा हँक विल्यम्स या गायकाच्या मागे बसून वाजवणारा. गाणं हँकचं, नाव हँकचं, पण त्या गाण्यांचा निम्मा जीव हेल्म्सच्या स्टीलमध्ये आहे. मागे बसणाऱ्याचा चेहरा कोणी धातूत ओतून ठेवतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, फोटो काढू का?’’ मला बोलवेना.

तिथेच जोसेफ केकुकूची पाटी. हवाईतल्या ओआहू बेटावरच्या लाईए गावचा, जन्म १८७४. शाळेत असताना रुळांवर पडलेला एक बोल्ट उचलून त्याने तो तारांवरून सरकवला आणि हे वाद्य जन्मलं, अशी कथा. या मूळपुरुषाची पाटी लागायला १९९३ उजाडावं लागलं! त्याच्याही आधीची एक गोष्ट हवाईचे संगीतकार चार्ल्स किंग सांगत : १८८४च्या सुमारास गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या खलाशाला त्यांनी असंच काहीसं वाजवताना पाहिलं होतं, आणि तो जन्मला होता हिंदुस्थानात. विचित्र वीणेच्या तारांवर बट्टा (काचेचा गोळा) फिरताना ज्याने पाहिला आहे, त्याला यात फारसं नवल वाटणार नाही. पुराव्याने सिद्ध झालेलं नाही, पण माझा यावर विश्वास बसतो. बसू द्यावा.

ते संमेलन आता भरत नाही. एका माणसाच्या खांद्यावर उभ्या राहिलेल्या वास्तूचं दुखणं हेच असतं. म्हणून माझं सरळ मत आहे की अशा पाट्यांना कायमचं छप्पर हवं. एखाद्या विद्यापीठाचं किंवा सार्वजनिक संग्रहालयाचं, जिथे चावी एकाच्या खिशात नसते. अमेरिकेत राहणारे आपले संगीतप्रेमी तिथल्या संग्रहालयांना देणग्या देतात, त्यांनी जरा या विषयाकडेही वळावं.

आणि आपण? आपल्याकडे पाट्याच नाहीत, तेव्हा त्या जपण्याचा प्रश्नच येत नाही. गिटारवादक व्हॅन शिप्ले लखनौचे. मुंबईत आयुष्य घालवलं, आठ तारांची गिटार स्वतः बनवून घेतली, पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांच्या ॲकॉर्डियनबरोबर तबकड्या काढल्या आणि २००८ साली इथेच गेले. हजारा सिंग यांच्या गिटारच्या तबकड्या एके काळी लग्नाच्या मांडवात हमखास वाजत. १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी घ्या. संतूर शिवकुमार शर्मा, बासरी हरिप्रसाद चौरसिया. इथवर शाळकरी पोरही सांगेल. गिटार ब्रिजभूषण काब्रा यांची आणि तबला माणिकराव पोपटकर यांचा, हे किती जण सांगतील? बातम्यांना दोन मिनिटं उरली की आकाशवाणीवर गिटारची तबकडी लागायची. आमचे मास्तर हातातला घास थांबवून ऐकत. वादकाचं नाव काही यायचं नाही, थेट बातम्या सुरू.

पेडर रोडला गुलशन महालात २०१९पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे हवाईयन गिटारचा एक कोपरा व्हावा. फार नको, एक वाद्य, एक स्टील, ऐकायला चार तुकडे आणि नावांची यादी. यादी करायला पैसा लागत नाही, पण वेळ फार थोडा उरला आहे. त्या काळी स्टुडिओत वाजवलेली माणसं आज ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांच्या घरी अशाच वह्या असतील. चाळ पाडायच्या आधी, माळा झाडायच्या आधी कोणीतरी त्यांचे फोटो तरी काढून ठेवा. वादकांच्या संघटनेने आणि आपल्या वृत्तपत्राने आवाहन केलं तर लोक देतील.

मास्तरांची गिटार सध्या माझ्या कपाटावर आहे. नव्या तारा चढवल्या, गंज घासून काढला, टवका तसाच ठेवला. संग्रहालयाने मागितली तर दुपारच्या गर्दी नसलेल्या लोकलने मी स्वतः आणून देईन. अट एकच, खाली मास्तरांचं नाव लागलं पाहिजे.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी,
डोंबिवली (पूर्व)