जुनी वॅगनआर घेताना

पुणे

प्रिय सुहास,

दोन लाखांच्या आत गाडी घ्यायची आणि होईल तेवढं काम घरच्या घरी करायचं, हा तुझा बेत मला मनापासून पटला. तू ऑल्टो 800 आणि वॅगनआर अशी दोन नावं लिहिलीस. मी वॅगनआर म्हणेन, 998 सीसीच्या तीन सिलिंडरवाल्या के-10-बी इंजिनाची, 2013 च्या उत्तरार्धातली किंवा 2014 ची. ऑल्टो 800 ला टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा रबरी पट्टा; तो ठरावीक अंतराने बदलावाच लागतो. के-10-बीला त्याच कामासाठी चेन आहे. ऑइल वेळेवर बदललं तर तिला हात लावावा लागत नाही. शिवाय एप्रिल 2013 पासूनच्या गाड्यांना ओबीडी-2 आहे, म्हणजे इंजिनाचे बिघाड गाडी स्वतः नोंदवते आणि स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावून त्या बिघाडाचा क्रमांक, म्हणजे फॉल्ट कोड, मोबाइलवर वाचता येतो. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यामुळे 2014 ची गाडी 2029 पर्यंत निर्धास्त. पुढे आरटीओत फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, हरित कर भरून.

सगळे आधी बॉनेट उघडतात. तू आधी गाडीखाली वाक. या गाडीच्या इंजिनाचे पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतात, क्लच-शॉकअप सगळं बदलता येतं. सडलेला पत्रा आणि अडकलेले कागद मात्र पैसे ओतूनही धड होत नाहीत. जॅक लावायच्या जागा, दारांखालची पट्टी, डिकीत स्टेपनीखालचा खळगा, पुढच्या शॉकअपचे वरचे माउंट, एवढं टॉर्च घेऊन बघ. संशय आला तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोक; चांगला पत्रा खणकन वाजतो, कुजलेला बद्द. खालून ताजं काळं कोटिंग मारलेलं असेल तर आत काय झाकलंय हे आधी विचार. कोकणातल्या गाडीत हे हमखास तपास.

पुरात बुडालेली गाडीही याच तपासात सापडते. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै 2021 मध्ये चिपळुणात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि पुसून-रंगवून गाडी कुठेही विकता येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, कार्पेटखाली बारीक गाळ आहे का, तेही बघ. अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नकोस. वायरिंगचे जोड आतून गंजतात आणि बिघाड वर्षानुवर्षं सापडत नाही.

इंजिन थंड असतानाच पाहायचं, म्हणून मालकाला आधीच सांग की मी येईपर्यंत चालू करू नका. चालू करताना चेनची खळखळ दोन-तीन सेकंदांत थांबली नाही तर ऑइलची हेळसांड झाली आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलचा, संशय. मग एसी बंद ठेवून गाडी उभ्यानेच चालू राहू दे, रेडिएटरचा पंखा आपोआप लागेपर्यंत. हे कोणी करत नाही, आणि ही इंजिनं जास्त करून मरतात ती गरम होऊनच. क्लचसाठी: हँडब्रेक ओढ, तिसरा गिअर टाक, क्लच हळूहळू सोड, इंजिन बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर क्लच प्लेट संपली. पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू चालवताना टक-टक आली तर ॲक्सलचा जॉइंट गेलाय, बहुधा रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर पडल्यामुळे.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पैसे देऊ नकोस. हस्तांतरणाला फॉर्म 29 आणि 30. थकलेली ई-चलनं आधी भरून घे. विमा 14 दिवसांत नावावर करायला टाक. नो-क्लेम बोनस, म्हणजे विमा न वापरल्याबद्दलची हप्त्यातली सूट, मालकाबरोबर जातो, तो दराच्या घासाघिशीत धरू नकोस.

गाडी आली की पहिल्याच आठवड्यात ऑइल आणि कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बदल, ब्रेक ऑइल मिस्त्रीकडून बदलून घे. मागचा मालक काहीही सांगो. 5डब्ल्यू-30 या ग्रेडच्या इंजिन ऑइलचा साडेतीन लिटरचा कॅन पुरेसा आहे. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद कर, गाडी जॅक-स्टँडवर, म्हणजे वजन पेलणाऱ्या लोखंडी पायांवर, घे (नुसत्या जॅकवर असताना खाली शिरायचं नाही, कधीच नाही), ड्रेन बोल्ट काढ. बोल्टचा वॉशर नवा लाव, जुना पाझरतो. फिल्टरच्या रबरी रिंगला ऑइल चोळून हाताने बसव. रिंग टेकल्यावर पाऊण फेरा, बस. पाना लावून आवळलास तर पुढच्या वेळी निघणार नाही. अडीच लिटर ओत, दोन मिनिटं इंजिन चालव, पाच मिनिटं थांब आणि डिपस्टिक पाहून थोडं थोडं वाढव. पुढे दर वर्षी किंवा 8,000 किलोमीटरला, जे आधी येईल ते.

कुलंटच्या जागी नळाचं पाणी कधी घालू नकोस. त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि आतून गंज चढतो. तयार मिसळलेलं कुलंट घे, आणि झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघड.

पुढचे ब्रेक पॅड तू स्वतः बदलू शकशील. 3 मिलिमीटरच्या खाली गेले की बदलायचे. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लाव, त्या अडकल्या की एकच पॅड झिजतो आणि गाडी एका बाजूला ओढते. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. चाकाचे नट टॉर्क पान्याने (मोजून जोर लावणारा पाना) 85 न्यूटन मीटरला आवळ. मागचे ड्रम, ब्रेकमधली हवा काढणं आणि एसीचा गॅस मात्र मिस्त्रीकडे.

टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. 2318 असेल तर टायर 2018 च्या 23व्या आठवड्यातला, जुना; नक्षी कितीही चांगली दिसो, चार नवे टायर दरात धर. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि ही गाडी त्याआधीची आहे, तेव्हा इंधनाच्या रबरी नळ्या दर पावसाळ्याआधी वाकवून बघ, बारीक भेगा दिसल्या की लगेच बदल. वायपरखालच्या जाळीत साचलेला पाला काढ आणि दारांखालची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी कर.

टोकन देण्याआधी गाडीच्या खालच्या बाजूचे आणि आरसीचे फोटो पाठव, मी त्याच दिवशी बघून कळवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रकाश