'बंद करा' म्हटल्यावर आधी विचारायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिंपळगाव बसवंतच्या बाजूला असलेल्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये गेल्या हंगामात एका ऑपरेटर मुलीच्या पगारातून 1,500 रुपये कापले गेले. एंट्री न मारताच मारली म्हणून सांगते, असा तिच्यावर ठपका होता. ती खरे बोलत होती, हे मी स्वतः तिच्या शेजारी बसून पाहिले आहे, आणि म्हणूनच हे पत्र लिहितो आहे.

मी नाशिकच्या सिडकोत राहतो. जवळपास तीस वर्षे दुकाने, पतसंस्था, पॅकहाउस यांना त्यांच्या कामाच्या मापाचे डेटाबेस प्रोग्रॅम, म्हणजे नोंदी साठवणारे प्रोग्रॅम, करून देतो. असे प्रोग्रॅम बनवायच्या साधनांपैकी आधी फॉक्सप्रोत करायचो, आता बहुतेक मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये. या पॅकहाउसचा प्रोग्रॅम माझा नाही. ज्याने केला तो फोन उचलेना, म्हणून शेठनी मला बोलावले.

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. बाहेर काट्यावर क्रेट उतरत होते. मी त्या मुलीला म्हटले, "ताई, तू रोज करतेस तसंच कर, मी नुसता बघतो." तिने फॉर्ममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या माहिती भरायच्या खिडकीत, शेतकऱ्याचे नाव टाकले, वाण थॉम्सन, क्रेटची संख्या, वजन. प्लॉटचा नोंदणी क्रमांक शेतकऱ्याजवळ नव्हता. "कागद पोरगा घेऊन येतोय," ते म्हणाले. युरोपात निर्यात होणाऱ्या मालाला हा क्रमांक लागतोच, कारण अपेडा या केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर पेटी कोणत्या बागेतली ते मागे जाऊन दाखवावे लागते. त्यामुळे प्रोग्रॅम करणाऱ्याने टेबलमध्ये, म्हणजे नोंदी साठतात त्या तक्त्यात, तो रकाना सक्तीचा ठेवला होता, आणि ते बरोबरच होते. मुलीने तेवढाच रकाना नंतर भरू म्हणून मोकळा सोडला, दारात पुढचा पिकअप लागला म्हणून 'बंद करा' हे लाल बटण दाबले. फॉर्म गेला. ना आवाज, ना सूचना. मी टेबल उघडले, तर नोंद नाही. पुन्हा करून पाहिले, तिसऱ्यांदाही केले. तिन्ही वेळा तेच.

"काका, मी मारली होती ना?" ती म्हणाली. हो, तिने मारली होती.

घडते ते असे. ॲक्सेसमध्ये फॉर्म बंद होताना चालू नोंद आपोआप जतन होते. पण सक्तीचा रकाना मोकळा असेल तर ती जतन होऊ शकत नाही. अशा वेळी कोपऱ्यातली फुली दाबली, तर ॲक्सेस स्वतः अडवते: ही नोंद आत्ता जतन करता येत नाही, बंद केलेत तर बदल जातील, तरी बंद करायचे का? मात्र प्रोग्रॅमरने स्वतःच्या बटणामागे नुसती फॉर्म बंद करण्याची आज्ञा लिहिली असेल, तर हा प्रश्न येतच नाही. नोंद गुपचूप टाकून दिली जाते. त्या आज्ञेत 'सेव्ह' असा एक पर्याय असतो, आणि या प्रोग्रॅमरने तो 'हो' ठेवला होता. बिचाऱ्याला वाटले असणार की झाले काम. तो पर्याय फॉर्मच्या आराखड्यासाठी आहे, भरलेल्या माहितीशी त्याचा संबंध नाही. इथे मी चांगली जाणती माणसे फसलेली पाहिली आहेत.

फुली मात्र त्याने बंद करून ठेवली होती. तसे करण्यामागे कारण असते, मीही अनेकदा केले आहे. फॉर्म पडदाभर मोठा केला की त्याची फुली ॲक्सेसच्या मुख्य खिडकीच्या फुलीच्या बरोबर खाली येते. घाईत माउस जरा वर सरकला की फॉर्मऐवजी सगळा प्रोग्रॅमच बंद. म्हणून 'क्लोज बटन' हा गुणधर्म 'नो' केला की फुली फिकी पडते. 'कंट्रोल बॉक्स' काढला की सगळी बटणेच जातात. पण मग बाहेर पडायला तुम्ही केलेले एकच दार उरते, आणि या पॅकहाउसमध्ये नेमके तेच दार नोंदी गिळत होते.

दुरुस्ती एका ओळीची होती. बंद करण्याच्या आज्ञेआधी फॉर्म 'डर्टी' आहे का, म्हणजे न जतन झालेले काही आहे का, ते तपासायचे आणि असल्यास जतन करायला लावायचे. जतन झाले नाही तर चूक समोर येते आणि फॉर्म जागचा हलत नाही. आणखी पक्के करायचे तर फॉर्मच्या 'अनलोड' घटनेत, म्हणजे तो पडद्यावरून जाण्याआधीच्या टप्प्यात, बंद होणे रद्द करता येते. त्यानंतरच्या 'क्लोज' घटनेत रोखायला गेलात तर उशीर झालेला असतो. मुख्य खिडकीची फुली फॉर्मच्या गुणधर्मांनी जात नाही. तिच्यासाठी सुरुवातीलाच एक लपलेला फॉर्म उघडून ठेवायचा आणि त्याच्या 'अनलोड'मध्ये अडवायचे.

विंडोजच्या आधीच्या, डॉसच्या फॉक्सप्रोत कंट्रोल-डब्ल्यू म्हणजे जतन करून बाहेर आणि एस्केप म्हणजे टाकून बाहेर, हे ऑपरेटरांना तोंडपाठ असे. आता पडद्यावर रंगीत बटणे आहेत, पण त्यांच्यामागे काय होते हे दाबणाऱ्याला कोणी सांगत नाही.

दुसरे टोकही पाहिले आहे. एका पतसंस्थेच्या काउंटरवर फॉर्म पॉप-अप आणि मोडल होता, म्हणजे तो बंद केल्याशिवाय मागचे काही चालत नाही. फुली काढलेली. फॉर्म मोठ्या मॉनिटरवर बेतलेला, काउंटरवर 1366 बाय 768 चा लॅपटॉप. 'बंद करा' बटण पडद्याच्या खाली, कोणाला दिसेचना. तिथले लेखनिक रोज संध्याकाळी पॉवरचे बटण दाबून धरून संगणक बंद करायचे. नेटवर्कवर सगळ्यांची एकच फाइल, ती अशाने खराब होणार नाही तर काय होईल?

पॅकहाउसच्या शेठना मी तो प्रकार त्या मुलीसमोरच करून दाखवला. त्यांनी तिचे पैसे परत दिले, हेही सांगायला हवे. पण नाशिक, निफाड, दिंडोरीच्या पट्ट्यात असे किती काउंटर असतील जिथे नोंद हरवली की पहिला संशय ऑपरेटरवर जातो? ही बहुतेक दहा-बारा हजारांवर राबणारी खेड्यातली मुले-मुली आहेत. संगणकापुढे आपले काही चालत नाही असे धरून ती गप्प बसतात.

प्रोग्रॅम विकत घेताना आपण रिपोर्ट बघतो, लोगो बघतो, मराठी छपाई बघतो. फॉर्म बंद कसा होतो ते कोणी बघत नाही. म्हणून ज्यांच्याकडे असा प्रोग्रॅम आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. उद्या सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, एक खोटी पावती अर्धी भरा, एक सक्तीचा रकाना मोकळा ठेवा आणि तुमचे 'बंद करा' बटण दाबा. काहीही न विचारता फॉर्म गेला, तर ऑपरेटरला बोलावण्याआधी प्रोग्रॅमरला बोलवा.

आपला,
एक प्रोग्रॅमर
सिडको, नाशिक

(त्या मुलीची ओळख पटू नये म्हणून माझे नाव छापू नये, ही विनंती.)