ओठामागच्या कापसाच्या बोळ्यासाठी आभार

स्कॅन सेंटरमधले दादा,

सप्रेम नमस्कार.

दात काढल्यावर इम्प्लांट, म्हणजे नव्या दातासाठी हाडात बसणारा धातूचा स्क्रू, कधी बसवायचा हे डॉक्टर ठरवतात, असं पेशंट समजतात. निम्मा निर्णय तुमच्या खोलीत, मशीन फिरायच्या आधीच झालेला असतो. म्हणून ठाण्याच्या नौपाड्यातून हे उघड पत्र.

ओठ हिरडीला चिकटला की सीबीसीटीत, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये, दोन्हींचा मिळून एकच करडा पट्टा दिसतो. तुम्ही ओठामागे कापसाचे बोळे ठेवता, म्हणून आम्हाला हिरडीची जाडी मोजता येते. वरच्या पटाशीच्या दातांवर ओठाकडची हाडाची भिंत बहुधा १ मिमीहून पातळ असते. वर हिरडीही पातळ निघाली, तर त्याच दिवशी स्क्रू बसवण्यात धोका असतो: भिंत विरघळते, हिरडी वर सरकते आणि हसताना धातूची सावली दिसते. तिथे आम्ही ४ ते ८ आठवडे थांबतो. तोवर खड्ड्यावर हिरडी धरते आणि नंतर स्क्रूभोवती भरायची हाडाची पूड झाकायला पुरेशी होते.

कळव्याहून लोकलने आलेला माणूस म्हणतो, ‘एकाच खेपेत उरका.’ उरकतोही, पण भिंती शाबूत हव्यात, पू नको आणि मुळाच्या टोकापलीकडे ३ ते ५ मिमी हाड हवं. स्क्रू टाळूच्या बाजूने जातो, पुढची फट पुडीने भरते. स्क्रू पिळून घट्ट करताना ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या (पिळाच्या जोराचं माप) आसपास पकड मिळाली नाही, तर तात्पुरता दात त्या दिवशी नाही. मुळाच्या टोकाशी हाडातली गाठ मोठी असेल तर १२ ते १६ आठवडे थांबतो. त्याहून उगाच लांबवणंही महागात पडतं: दाढांच्या जागेची रुंदी वर्षभरात निम्म्यापर्यंत घटू शकते आणि त्यातली बरीचशी पहिल्या ३ महिन्यांतच.

हे सगळे आकडे तुमच्या कापावर, म्हणजे स्कॅनमधल्या जबड्याच्या आडव्या छेदाच्या चित्रावर, उभे आहेत. जबड्याची कमान नीट आखली नाही की काप तिरका पडतो आणि हाड खोटंच रुंद दिसतं. खालच्या दाढेखाली नसेपासून २ मिमी अंतर राखायचं असताना ही चूक परवडत नाही. वरच्या-खालच्या धातूच्या कॅप एकमेकींना लागू नयेत म्हणून दातांत कापूस देणं, म्हाताऱ्या माणसाची हनुवटी टेकवून डोक्याला पट्टा बांधणं... हे फॉर्मवर कुणी लिहीत नाही, तरी तुम्ही करता. भिंत दिसली नाही तर ‘नाही’ न लिहिता ‘दिसत नाही’ लिहिता, तेही बरोबरच: फार पातळ हाड स्कॅनमध्ये हरवतं.

एक विनंती. प्रिंट पेशंटच्या फाइलसाठी ठीक; आम्हाला आत्तासारखीच पूर्ण डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल फाइल) देत जा. काप आम्हालाही फिरवून बघायचे असतात.

तुमचे,
ठाण्यातले काही दंतवैद्य