राज्यशास्त्र घेऊ दे, पण आकडेमोडीसकट

फ्रायबुर्ग, जर्मनी

ती. दादा आणि सौ. वहिनी यांना सा. नमस्कार.

मोठीला बी.ए.ला राज्यशास्त्र घ्यायचंय, तर जरूर घेऊ दे. फक्त ‘राज्यशास्त्र म्हणजे कलेक्टर’ हे डोक्यातून काढा. यूपीएससीला कुठलीही पदवी चालते. मुख्य परीक्षेच्या १७५० गुणांत वैकल्पिक विषयाचे, म्हणजे राज्यशास्त्र निवडलं तर त्याचे, ५००. राज्यघटना, शासनव्यवस्थेच्या पेपरलाही बी.ए.चा अभ्यास उपयोगी पडतो, पण बाकीचं सगळं वेगळं वाचावं लागतं. राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५पासून याच धर्तीवर वर्णनात्मक झाली आहे. मुलं चार-पाच वर्षं परीक्षेत घालवतात आणि निवड झाली नाही की हातात दुसरं कसब नसतं, याचीच मला काळजी वाटते.

म्हणून पहिल्या वर्षापासून तिने संख्याशास्त्र आणि एक्सेल शिकावं. सरावाला फॉर्म २०, म्हणजे निवडणूक निकालाचा तक्ता, उत्तम. त्यात मतदारसंघाची मतं मतदान केंद्रनिहाय दिलेली असतात आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. बऱ्याचदा नुसती स्कॅन केलेली पानं असतात, तेव्हा आकडे हाताने उतरवावे लागतात. प्रत्येक केंद्राची बेरीज ताडून पाहायची. दोन निवडणुकांची तुलना करताना केंद्र क्रमांकावरून जुळवू नये, क्रमांक बदलतात. गाव आणि शाळेचं नाव पाहूनच जुळवावं, नाहीतर एका गावाची मतं दुसऱ्याच्या नावावर पडतात आणि निष्कर्षच उलटा निघतो. हे नीट जमणाऱ्या मुलांना सर्वेक्षण संस्था, वृत्तपत्रं, प्रचार सल्लागार अशा ठिकाणी काम मिळू शकतं.

पदवीनंतर पीआरएस या संसदेच्या कामकाजावर संशोधन करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिपही आहे. तीत एका खासदाराबरोबर संशोधनाचं काम करायला मिळतं. वयाची अट २५ असल्याने ती लांबणीवर टाकू नये. प्राध्यापकीसाठी एम.ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेटला १५० प्रश्न, ३०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही.

इकडे एम.ए.ला यायचं तर आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो शुल्क आहे. बहुतेक इतर राज्यांत सरकारी विद्यापीठं शिकवणीचं शुल्क घेत नाहीत. पण व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे महिना ९९२ युरोप्रमाणे वर्षाचे ११,९०४ बंद खात्यात (त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवावे लागतात, शिवाय शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं. जर्मन भाषा आत्तापासून सुरू केलेली बरी.

तोवर आपल्याच तालुक्याचा फॉर्म २० तिला उतरवायला सांगा. तक्ता झाला की मला पाठवू दे, मी तपासून देईन.

तुमची,
धाकटी