लोखंडी गोळा एवढ्यात आणू नकोस

आटपाडी,
दि. 8 डिसेंबर 2024

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. शाळेतल्या खेळाचं काम यंदा तुझ्याकडे आलं हे फार बरं झालं. पण केंद्रातल्या शाळांच्या स्पर्धा आल्या म्हणून गोळाफेकीचा लोखंडी गोळा आणायला निघालास, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. पहिली ते चौथीसाठी तो आणू नकोस.

ती चूक मी केली आहे. चौथीतल्या एका पोराच्या हातात लोखंडी गोळा दिला. त्याने तो चेंडूसारखा डोक्यामागून भिरकावला. खांदा असा दुखावला, की आठ दिवस त्याला दप्तर उचलवेना. गोळा फेकायचा नसतो, मानेशी धरून ढकलायचा असतो, हे मी त्याला आधी शिकवलंच नव्हतं. त्याच्या आईसमोर उभा राहिलो ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

आता जुन्या मोज्यात मूठ-दोन मूठ वाळू भरतो, वरून शिवून टाकतो. तोच आमचा गोळा. मोजा हनुवटीखाली मानेला टेकवायचा, कोपर वर, आणि समोरची भिंत ढकलल्यासारखा हात सरळ सोडायचा. थाळीफेकीसाठी रबरी रिंग, ती तर बहुतेक शाळांत असते. भाल्यासाठी कडब्यातलं ज्वारीचं सरळ ताट, म्हणजे धाट, घ्यायचं आणि दोन्ही टोकांना चिंध्या बांधायच्या. मोठ्या पुरुषांचा भाला 800 ग्रॅमचा, गोळा 7.26 किलोचा. तिथवर जायला पोरांच्या हातात अजून पुष्कळ वर्षं आहेत.

खरी मेहनत पायांवर घ्यावी लागते. उजव्या हाताने फेकणारं लहान मूल हमखास उजवाच पाय पुढे टाकतं. मग अंग वळत नाही, नुसता हात ओढला जातो. सांगून कळत नाही रे. मी पोरांना राखणीच्या रानात नेलं आणि एका आजोबांना गोफण फिरवायला लावली. डावा पाय पुढे, कंबर वळली, हात सगळ्यात शेवटी! दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग आपसूक डाव्या पायावर उभा होता. डावखुऱ्यांचं उलटं, त्यांना ओळीच्या डाव्या टोकाला उभं कर.

सगळ्यांनी एकाच शिट्टीला फेकायचं, दुसऱ्या शिट्टीलाच आणायला धावायचं. मधे कुणीही पुढे जायचं नाही. चिंध्यांचा भाला असला तरी डोळा डोळाच असतो. अशाने अर्ध्या तासात एकेकाच्या वाट्याला वीस-पंचवीस फेकी येतात. धिप्पाड चार पोरं निवडून बाकीच्यांना मैदानावर फक्कीच्या रेघा मारायला लावायच्या, हे मला मुळीच पटत नाही. आमच्या तिसरीत एक काटकुळी मुलगी आहे, वर्गात तोंड उघडत नाही. तिचा ताटाचा भाला परवा सगळ्यांच्या पुढे जाऊन पडला. तिने स्वतः पावलं टाकून अंतर मोजलं, मोठ्याने.

याच तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने सप्टेंबरात पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत 16.32 मीटरवर रौप्यपदक मिळवलं. लहानपणी अपघातात एक हात अधू झालेला माणूस! तेवढं अंतर आम्ही मैदानावर फक्कीने आखून ठेवलंय. मधल्या सुट्टीत पोरं त्या रेघेवर जाऊन उभी राहतात आणि तिथून मागे वळून बघतात.

वीस जुने मोजे एसटीच्या पार्सलने पाठवतोय. पार्सल हलकं व्हावं म्हणून रिकामेच ठेवलेत, वाळू तुमच्या किनाऱ्याची भर आणि वरून शिवून टाक. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू