गाणं डॉलीचं, हक्कही डॉलीचाच

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन कंट्री (तिकडच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेला प्रकार) गायिका-गीतकार डॉली पार्टनवरचा लेख वाचला. विग, चकचकीत कपडे, तिच्या नावाचं ‘डॉलिवूड’ हे मनोरंजन उद्यान, मुलांना फुकट पुस्तकं देणारा उपक्रम, सगळं आलं. गीतकार डॉली मात्र दोन ओळींत उरकली आणि व्यवहाराला चोख असलेली डॉली तर आलीच नाही. एवढी मोठी कारकीर्द त्यावरच तर उभी आहे.

टेनेसीतल्या डोंगराळ भागात १९४६चा जन्म, बारा भावंडांत चौथी. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरची फी वडिलांनी मक्याच्या पिठाचं पोतं देऊन भागवली, हे ती स्वतःच सांगते. १९६४ मध्ये शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी बाईंनी कंट्री संगीताची पंढरी असलेलं नॅशव्हिल गाठलं. १९६७ पासून कंट्री गायक पोर्टर वॅगनर यांच्या टीव्ही कार्यक्रमात गाऊ लागली. एकदा दौऱ्याच्या बसमध्ये गाणं सुचलं आणि जवळ कागद नव्हता, तर वॅगनर यांच्या सुटाच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीवर लिहून काढलं. ते ‘कोट ऑफ मेनी कलर्स’, आईनं चिंध्या जोडून शिवलेल्या कोटाचं गाणं.

१९७३ मध्ये वॅगनरना सोडायचं ठरलं. वाद घालून ते ऐकेनात, म्हणून तिनं निरोपाचं गाणंच लिहिलं: ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’. १९७४ मध्ये ते कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं. मग रॉक अँड रोलचा बादशहा एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं. पण त्याचे व्यवस्थापक कर्नल पार्कर यांची अट अशी, की गाण्याचे निम्मे प्रकाशन हक्क, म्हणजे गीताच्या कमाईतला वाटा, आम्हाला द्या. डॉलीनं नकार दिला. तेव्हा ती जेमतेम अठ्ठावीस वर्षांची, आणि समोर कोण, तर एल्व्हिस! त्या रात्री ती रडरड रडली म्हणे, पण सही केली नाही. १९८२ मध्ये तिनंच पुन्हा गायलेलं हे गाणं परत पहिलं आलं. १९९२ मध्ये पॉप गायिका व्हिटनी ह्यूस्टननं गायलं, तेव्हा ते अमेरिकेत सलग १४ आठवडे अव्वल राहिलं. आपल्याकडे बहुतेकांनी ते व्हिटनीच्याच आवाजात ऐकलं; गीतकार म्हणून पैसे मात्र डॉलीला मिळत राहिले.

आपल्याकडे ठोक रक्कम घ्यायची आणि कागदावर सही करून मोकळं व्हायचं, ही जुनी रीत. चित्रपटातलं गाणं चित्रपटगृहाबाहेर वाजलं, तर त्याच्या रॉयल्टीतला (गाणं वापरल्याबद्दल मिळणाऱ्या पैशांतला) गीतकार-संगीतकारांचा वाटा निर्मात्याला लिहून घेता येणार नाही, असं २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनं ठरवलं. कायदा झाला, ठीक. पण वरातीत, ऑर्केस्ट्रात, हॉटेलांत आणि मोबाइलवर वाजणाऱ्या मराठी गाण्यांपोटी गीतकाराच्या किंवा त्याच्या वारसांच्या खात्यात खरोखर किती जमा होतं? डॉलीच्या विगवर अर्धं पान देता येतं, तर आपल्या प्रतिनिधीनं दोन-चार गीतकारांना गाठून हेही छापावं. मानधनाचे आकडे सांगायला लोक कचरतील, तेव्हा हवं तर नावं देऊ नयेत.

— एक वाचक, सातारा