धाडसाइतकीच चिकाटीही मोलाची

प्राचीन हवामानाचे अभ्यासक लोनी थॉम्पसन यांच्यावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेखाचा सारा भर त्यांच्या गिर्यारोहणावर आहे. मला त्यांची चिकाटी अधिक मोलाची वाटते. पेरूतील केल्काया हिमटोपीवर (डोंगरमाथा झाकणाऱ्या बर्फाच्या जाड आवरणावर) ते १९७४ मध्ये प्रथम गेले. १९८३ मध्ये, साडेपाच हजार मीटरहून अधिक उंचीवर, सौरऊर्जेवर चालणाऱ्या ड्रिलने त्यांनी सुमारे १५०० वर्षांचा बर्फ बाहेर काढला. तो गोठलेला खाली आणण्याची सोयच नव्हती, म्हणून नमुने कापून, वितळवून बाटल्यांत भरावे लागले. २००३ मध्ये त्यांनी तिथेच पुन्हा खोदकाम केले आणि या वेळी बर्फाचे दंडगोल गोठलेल्या स्थितीत अमेरिकेतील ओहायोच्या शीतगृहात पोहोचवले. त्यांत वर्षागणिक साचलेल्या थरांमधील धूळ आणि ऑक्सिजनची समस्थानिके (कमी-अधिक वजनाचे अणू) यांवरून जुन्या हवामानाचा माग लागतो. असे काम दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर उभे राहत नाही. शिवाय उष्ण कटिबंधातील हिमनद्या झपाट्याने आक्रसत आहेत. वरचे थर वितळले की त्या वर्षांची नोंद कायमची पुसली जाते. म्हणूनच निधी देणाऱ्या संस्थांनी नमुन्यांच्या साठवणुकीचा खर्च हा संशोधनाचाच भाग मानून दीर्घ मुदतीची तरतूद करावी.

– एक वाचक